नाल्याची जुनी वाट

किन्हीराजा,
२० ऑक्टोबर १९७४

भाऊ देवमन,
सप्रेम जय भीम.

पोळा झाल्यावर आठ दिवसांनी जो पानी आला त्याची गोठ तुले अजून सांगतली नाई. सांगू का नको, यातच दोन महिने गेले. आता सांगतो.

तीन दिवस उघाड नव्हती. चौथ्या दिशी वावरात गेली तं मले वाटलं, मी दुसऱ्याच कोनाच्या वावरात आली. आपला नाला तुले आठवते ना? वरून येते, आपल्या वावराच्या पूर्वेकडून इळ्यासारखा बाक घेते, अन् खाली मोहाच्या झाडापाशी परत सरळ होते. त्या बाकाच्या पोटात आपली दोन एकर काळी जमीन. तं या डावच्या पुरानं बाक घेतलाच नाई. वरून आला तो सरळ आपलं वावर कापत मोहापाशी निंगाला. नवा नाला दोन पुरुस खोल. अलीकडच्या काठाले आपली तीन एकर, पलीकडच्या काठाले आपलीच दोन एकर, अन् तिच्याही पलीकडं तो जुना बाक, कोरडा. पूर वसरला तव्हा तठी नुसते गोटे अन् रेती उघडी पडली होती.

पान्यानं केलं त्याचं मले काई नाई. पन जुन्या बाकाच्या पलीकडं मारोतराव पाटलाचं वावर. मांगच्या पंधरवड्यात त्यानं सहा बैलजोड्या लावल्या, माती वढून तो बाक बुजवला, अन् आपली दोन एकर त्याच्या वावरात मिळवून घेतली. मी गेली तं म्हने, "भागिरथे, तुह्या बापाच्या खरेदीखतात काय लिवलं हाये? पूर्वेस नाला. मंग नाला कुठी हाये थे डोयानं पाह्य अन् अलीकडं राह्य."

मी म्हनलं, "नाला सरकला मारोतराव. खरेदीखत नाई सरकलं."

तं म्हने, नाला तुह्या बापाच्या येळेपासून असाच हाये. नकाशा दाखवला तं म्हने तो इंग्रजाच्या काळातला, त्याच्या मांगं नाल्यानं कितीक डाव कूस बदलली. धुऱ्याचे दगड पुरात गेले. गावातले लोक सबन पाह्यतात, पन बोलत कोनी नाई. अर्ध्या लोकाईले त्याच्याच वावरात मजुरी हाये.

बाबाले जाऊन तीन वर्सं झाले. तू तिकडं बर्फात रस्ते बांधून राह्यला. मी कामरगावचं सासर सोडून आली त्याले सहा वर्सं. वावरात मी एकटी हाये, एवढं त्यानं पाह्यलं.

म्या तहसीलात अर्ज देल्ला. पटवाऱ्यानं बाबाच्या मांगं सातबाऱ्यावर एकट्या तुह्यंच नाव चढवलं, म्हनून अर्जात तुह्यं नाव टाकलं अन् 'करिता बहीण' म्हनून माही सही केली. तू तिकडून एक कागद पाठव, का बाई करते थे माह्या मर्जीनं करते. लवकर पाठव.

तुही बाई,
भागिरथा


सुरू खोरं, कारगिलच्या वर
२८ नोव्हेंबर १९७४

आदरणीय बाई,
जय भीम.

तुझं पत्र महिनाभरानं हातात आलं. खालचा घाट बर्फानं बंद झाला. आता डाक हवाई जहाजानं येईल, तेही आभाळ मोकळं असलं तर. उत्तराले उशीर झाला तर चिंता करू नको.

इथली एक गोष्ट तुले सांगतो. आमच्या तुकडीसोबत नेगीसाहेब म्हणून भूगर्भवाले साहेब आहेत. रस्ता कुठं टिकेल, कुठं खचेल, हे ते डोंगर पाहून सांगतात. मी त्यांची मोजणीची साखळी धरतो, गोटे उचलून देतो. ते म्हणतात, दरी पाहिली की आधी विचारायचं, ही कोणी कोरली? पाण्यानं कोरली असली तर ती खाली निमुळती होत जाते, करवतीनं लाकूड कापावं तशी. पाणी एकाच रेघेवर घासत राहते. पण बर्फानं कोरलेली दरी परातीसारखी असते. बूड रुंद, सपाट, अन् बाजू भिंतीसारख्या उभ्या. कारण बर्फाचीही नदी असते बाई. दिवसाले वीतभर सरकते, पण पोटाखाली गोटे दाबून सरकते. खडकावर वखर चालवल्यासारख्या रेघा पडतात. मी त्या रेघांत बोट घालून पाहिलं आहे. आम्ही राहतो ती दरी अशीच आहे. बाजूचे लहान नाले तिच्यापर्यंत उतरतच नाहीत, वर टांगलेले राहिले आहेत, अन् त्यांचं पाणी तिथून खाली उडी घेते. मोठ्या बर्फानं खालची जमीन खरवडून नेली, लहानांना तेवढा जोर नव्हता.

हे सगळं रोज पाहतो अन् वाटते, दोन एकरासाठी माणसानं किती जीव जाळायचा? इथं तर डोंगर सरकतात. मारोतरावानं हरभरा पेरलाच आहे तर हे पीक त्याले घेऊ दे. तीन एकर आपल्याले पुरे आहे. तू एकटी, गाव त्याचं. जपून राह्य. कागदाचं मी पाहतो.

तुझा,
देवमन


किन्हीराजा,
१९ जानेवारी १९७५

देवमन,

तुह्या पत्रातली बर्फाच्या नदीची गोठ म्या दोन डाव वाचली. लय गोड लिवलं. मंग एका वाक्यापाशी थांबली. मारोतरावानं हरभरा पेरला, हे म्या तुले लिवलंच नव्हतं. माह्यं पत्र पेटीत पडल्यावर आठ दिवसांनी त्यानं पेरला. मंग तुले कोनं सांगतलं?

परवा तहसीलात पेशी होती, तठी उत्तर भेटलं. मारोतरावानं कोटाच्या खिशातून लिफाफा काढला. म्हने, "साहेब, मालकाचं पत्र हाये. मालक दूर हाये पन समजदार हाये." कारकुनानं मोठ्यानं वाचलं. "काका, बहीण रागीट आहे, मनावर घेऊ नका. जमिनीचं समजुतीनं घ्या, आमची हरकत नाही."

अक्षर तुह्यं. मले नाई वयखू येनार? पाटीवर हात धरून अ काढाले म्याच तुले शिकवलं.

नायब तहसीलदारसाहेब नवीन हायेत, वयानं तुह्याएवढेच. मले म्हने, "बाई, सातबाऱ्यावरचा मालक हरकत नाही म्हणतो. मग तुम्ही कोण?"

मी म्हनलं, "ज्या बापाचा तो पोरगा, त्याच बापाची मी पोरगी."

लोक हासले. मारोतराव तं खोकला येईस्तोर हासला. साहेब नाई हासले. त्याईनं जूनपर्यंतची मुदत देल्ली. म्हने मालकाचं म्हननं कागदावर आना, मंग मी जागेवर येऊन पाह्यीन.

बाहेर अर्ज लिवनारा बसते, त्याले इचारलं. तो म्हने, बापानं सोता घेतलेल्या जमिनीत पोरीचा पोराएवढाच हिस्सा हाये, कायदा होऊन अठरा-एकोनीस वर्सं झाले. हे मले बाबाच्या मांगं कोनीच सांगतलं नाई. तुले मालूम होतं का रे?

तू लिवतं डोंगर सरकते. सरकू दे. डोंगर 'आमची हरकत नाही' म्हनून चिठ्ठी नाई लिवत.

म्या कामरगावाहून आली तव्हा गावानं काय काय म्हनलं, तू आयकलं हायेस. तव्हा तू धा-बारा लोकाईत उभा राहून म्हनला होता, बाई माह्या घरी राह्यीन. आता मी तुह्या घरी नाई राहून राह्यली. मी माह्या घरी राहून राह्यली. तुह्या कागदाची वाट पाहतो. भेटला तं बरं. नाई भेटला तरी जूनमंधी मी तहसीलात जानारच हाये.

भागिरथा


किन्हीराजा,
२० मार्च १९७५

देवमन,

दोन महिने झाले, उत्तर नाई. डाक बंद असीन असं म्हनून पाह्यलं. मंग राग आला का असं म्हनून पाह्यलं. आता काईच म्हनत नाई.

मारोतरावानं हरभरा काढला. मी धुऱ्यावर उभी राहून पाह्यत होती. त्याचा मानूस म्हने, बाई घरी जा, ऊन लागीन. मी म्हनलं, माह्या वावराचं ऊन मले लागत नाई.

त्यानं परवा मधला मानूस पाठवला. म्हने, त्या दोन एकरातली खडकाजवळची अर्धी एकर घे अन् अर्ज काढून टाक. म्या चहा पाजला अन् तसाच वापस धाडला.

खुशाली कळव. भांडन नंतर करू.

बाई


श्रीनगर,
१२ मे १९७५

बाई,

तुझी दोन्ही पत्रं एप्रिलात एकाच दिवशी मिळाली. हात जरा दुखावला आहे, म्हणून हे पत्र मी सांगतो अन् इथले वर्ध्याचे एक कंपाउंडर भाऊ लिहून घेतात. चिंता करू नको.

आधी खरं सांगतो. मारोतरावाचं पत्र मले तुझ्या पत्राच्या मागोमाग आलं होतं. त्यानं लिहिलं, तुझी बहीण भर रस्त्यात भांडते, सासर सोडलेली बाई, लोक काय काय बोलतात, उद्या कोणी हात उचलला तर मले म्हणू नको. मी भ्यालो. तुझ्यासाठी भ्यालो, असं मी माझ्या मनाले सांगितलं. पण तसं नव्हतं. सुट्टी काढावी लागेल, कचेरीत उभं राहावं लागेल, गावातल्या मोठ्या माणसाच्या डोळ्याले डोळा भिडवावा लागेल, हे मले नको होतं. त्याले काका म्हणून मोकळं होणं सोपं होतं. अन् पोरीच्या हिश्शाचा कायदा मले मालूम होता. पटवारी नाव चढवत होता तेव्हा मी गप्प बसलो. याची माफी मागत नाही, कारण पत्रातून माफी मागणंही सोपंच आहे.

सोबत दोन कागद आहेत. दोन्हीवर इथल्या मॅजिस्ट्रेटचा शिक्का आहे. एकात लिहिलं आहे की माझं आधीचं पत्र मी परत घेतो. दुसऱ्यात लिहिलं आहे की बहीण भागिरथा बरोबरीची वारस आहे, तिचं नाव सातबाऱ्यावर चढवावं.

आता कामाचं, नीट वाच. नेगीसाहेब मले भेटायले आले होते. त्यांले मी सगळं सांगितलं. मले वाटलं होतं हासतील. ते खुर्ची ओढून बसले अन् नाल्याचा नकाशा काढून मागितला. मग म्हणाले, "देवमन, वरून माती टाकून नाला झाकता येतो, पुसता येत नाही."

ते म्हणाले, बर्फ गोटे आणते अन् वितळलं की जिथं असेल तिथं टाकून देते. त्यात बैलाएवढा दगड अन् पिठासारखी माती शेजारी शेजारी पडलेली असते, कशाचा कशाले मेळ नाही. माणसानं गाडीतून टाकलेला भरावही असाच दिसतो. पण पाणी निवडून ठेवते. जोर असला की जड गोटे, जोर कमी झाला की बारीक रेती. एकाच थरात एकाच मापाचे. अन् चपटे गोटे पाणी छपरावरच्या कवेलूसारखे रचते, एकावर एक रेलून. वरच्या अंगाले उतरते अन् खालच्या अंगाले उचललेले. असं रचलेलं दिसलं की समजायचं, इथून पाणी वाहत होतं, अन् कोणत्या बाजूनं येत होतं तेही समजते. हे कोणाले हातानं करता येत नाही.

म्हणून तहसीलच्या साहेबासमोरच खण. आधी खणू नको, नाहीतर तू टाकलं म्हणतील. बाकाच्या आडवा चर घे. अन् नव्या नाल्याचा काठही त्यांले दाखव. तो काल कापल्यासारखा कोरा असेल.

त्या मधल्या माणसाले परत पाठवलं, हे वाचून मी इथं खाटेवर मोठ्यानं हासलो.

देवमन


किन्हीराजा,
१४ जून १९७५

भाऊ देवमन,
जय भीम.

आधी हे सांग, तुह्या हाताले काय झालं? 'जरा दुखावला' म्हनून कोनी मानूस श्रीनगरच्या दवाखान्यात ठेवत नाई. अन् तुले भेटाले साहेब खुर्ची वढून कायले बसते? मले पोरगी समजू नको. कोनता हात?

आता इकडचं. नऊ तारखेले साहेब जीपनं आले. सोबत पटवारी, मोजनीवाला अन् कारकून. मारोतराव धोतर-टोपी घालून, पाच-सात मानसं घेऊन. माह्यासोबत कोन? गावातलं कोनी नाई. पन तांड्यावरची नानीबाई आली. दुष्काळाच्या सालात मी अन् ती एकाच कामावर खडी फोडत होतो, वरच्या पुलाच्या कामावर. तव्हापासून आमचं जमते. तिनं तांड्याच्या चार बाया आनल्या, टिकास-फावड्यासगट. मी म्हनलं, मारोतराव पाहून ठेवीन, तुमाले काम नाई देनार. नानीबाई म्हने, "त्यानं काम देल्लं तव्हा का पोट भरलं होतं? दाखव कुठी खनू."

साहेबाईनं तुह्ये दोन्ही कागद वाचले. मंग वर पाहून म्हने, "भागिरथाबाई, आता तुमचं म्हणणं काय ते सांगा." माह्यं नाव घेऊन बोलले. मी सांगतलं, मले इथं आडवा चर खनू द्या, बाकी जमीन सांगीन.

मारोतराव म्हने, "साहेब, माह्यं वावर खराब होते."

साहेब म्हने, "पीक उभं नाही. वावर कोणाचं तेच तर पाहायचं आहे."

बाया खनू लागल्या. वरचा हातभर थर सैल, काळी ढेकळं, अन् ढेकळाईत मांगच्या सालच्या कपाशीच्या पराटीच्या काड्या. साहेबाईनं एक काडी उचलून मोडून पाह्यली. मंग टिकास खन्नकन वाजली. गोटे! गोल, घासलेले, नाल्याचेच.

तं मारोतराव पुढं आला, जराही डगमगला नाई. म्हने, "साहेब, हे गोटे माह्येच. इथं पयले खोलगट जागा होती, मी गाडीनं गोटे आनून भरली अन् वरून माती टाकली. बाईले वाटते नाला होता."

पटवाऱ्यानं मान हालवली. मोजनीवाला म्हने, असंही होऊ शकते. मले वाटलं गेलं सबन.

मंग तुह्ये कवेलू आठवले. मी चरात उतरली. नानीबाईले म्हनलं, आता टिकास नको, हातानं माती काढ. आमी दोघीनं पदरानं झाडत झाडत चराची बाजू साफ केली, घरातली भित सारवाआधी करते तशी. अन् देवमन, तुह्या साहेबाचं बोलनं खरं निंगालं. खाली मुठीएवढे गोटे, सबन एका मापाचे. त्याच्यावर बारीक. त्याच्यावर चार बोटं रेती, चायनीनं चाळल्यासारखी. अन् चपटे गोटे एकावर एक रेललेले, घरावर कवेलू चढवल्यासारखे, सबनच्या सबन एकाच बाजूले.

मी म्हनलं, "साहेब, खाली या."

साहेब बूट घालून चरात उतरले. मी दाखवलं. म्हनलं, "मारोतरावानं गोटे गाडीनं टाकले म्हनते. टाकलेले गोटे कसे पडते थे पाहा." अन् नानीबाईले खूण केली. तिनं नव्या नाल्यातून घमेलंभर गोटे-रेती आनली होती, थे वरून चरात वतलं. धडाधड पडलं. मोठं, बारीक, रेती, माती, सबन एकात एक. दोन्ही शेजारी शेजारी. साहेब कितीक येळ पाह्यत राह्यले. कधी याच्याकडं, कधी त्याच्याकडं.

मी म्हनलं, "मारोतराव, तुमी गाडीभर गोटे आनले, मंग एक एक निवडून मापानं रचले का? अन् रेती चाळली का?"

तांड्याच्या बाया हासल्या. या डाव मारोतरावाले कोनी हासलं.

तरी तो म्हनतच होता, असीन नाला, पन इंग्रजाच्या काळचा! पन तेवढ्यात चराच्या दुसऱ्या टोकाले तांड्याची कमलीबाई वरडली. गोट्याईच्या थरात लोखंडी घमेलं फसलं होतं, अर्धं गंजलेलं, त्याच्यावर कवेलूसारखे गोटे रेललेले. काढलं, धुतलं. काठावर ठोकलेला आकडा: ७३. पुलाच्या कामावरचे सरकारी घमेले त्या साली पह्यल्याच पुरात वाहून गेले होते. नानीबाईनं सहा महिने तसलंच घमेलं डोक्यावर वाह्यलं, तिनं पाह्यल्याबराबर वयखलं.

साहेब म्हने, "म्हणजे त्र्याहत्तर सालानंतरही नाला इथूनच वाहत होता." कारकुनाले म्हने, "लिहा."

मंग मी त्याईले नव्या नाल्याच्या काठावर नेलं. उभी कापलेली माती, मुरूम, त्यात एक गोल गोटा नाई. बाभळीच्या मुळ्या हवेत लोंबत होत्या, अजून कुजल्याही नव्हत्या. साहेबाईनं थेही लिवलं. मोजनीवाल्यानं साखळी टाकली. हुकूम पुढच्या महिन्यात देतो म्हनले.

जातानी मारोतराव मले म्हने, "भागिरथे, एवढं कुठी शिकली?" मी म्हनलं, "नाल्यात."

हाताचं लिव.

बाई


श्रीनगर,
२८ जून १९७५

बाई,

अक्षर वाकडं आहे, पण माझं आहे. उजव्या हाताची शेवटची दोन बोटं गेली. एप्रिलात बर्फ वितळायले लागलं अन् रस्त्यावरचा उतार खाली आला. बर्फानं टाकून दिलेल्या गोट्यांचाच उतार होता, त्याले धरून ठेवणारं काही नसते. दोघं आमच्यातले गेले. त्यात रूपला पवार म्हणून मंगरूळकडचा होता, त्याच्याशी मी आपल्या बोलीत बोलत असे. मी आठ तास खाली होतो. तुले लिहिलं नाही, कारण मग तू तहसील सोडून इकडं यायले निघाली असती.

तुझं पत्र मी नेगीसाहेबांले हिंदीत सांगितलं. घमेल्यापाशी आलो तर ते उठून उभे राहिले. म्हणाले, तुझ्या बहिणीले माझ्या तुकडीत घेऊन ये.

बोटं गेली म्हणून मले घरी पाठवायचं चाललं होतं. मी नाही म्हटलं. साखळी धरायले तीन बोटं पुरतात. मोठ्या साहेबासमोर धरून दाखवली अन् म्हटलं, घरी जायचं तेव्हा मी माझ्या पायानं जाईन. एक तारखेपासून परत वर जातो. दिवाळीले सुट्टीवर येतो. तेव्हा चावडीत उभं राहून, मारोतरावाले दिलेलं पत्र खोटं होतं, हे सगळ्यांसमोर सांगणार आहे. तू नको म्हटलं तरी सांगणार.

एक विनंती. हुकूम आला तरी नाल्याले पाणी असताना ओलांडू नको. पाणी उतरल्यावरच पलीकडं पेर.

देवमन


किन्हीराजा,
२२ जुलै १९७५

भाऊ देवमन,
जय भीम.

बोटाचं वाचलं अन् पत्र घडी करून ठेवलं. रडली. आता त्याच्याबद्दल लिवत नाई. रूपलाच्या घरचा पत्ता पाठव. नानीबाईले घेऊन मी त्याच्या मायले भेटून येईन.

चार तारखेले हुकूम भेटला. दोन एकर आपली, जुन्या बाकाच्या मधोमध शीव. पटवाऱ्यानं रजिस्टर काढलं अन् इचारलं, "देवमनच्या खाली लिहू ना?" मी म्हनलं, "वयानं मोठं कोन हाये?" त्यानं पेन हातात धरून कारकुनाकडं पाह्यलं, मंग लिवलं. पह्यलं माह्यं, मंग तुह्यं.

तुही विनंती पेरनी झाल्यावर भेटली. बरं झालं आधी नाई भेटली, नाई तं तुह्यं नाव घेऊन तुह्याच विनंतीच्या विरुद्ध जा लागलं असतं.

आठ तारखेले वाफसा झाला. बाकीच्याईची पेरनी आटोपत आली होती. अजून चार दिवस थांबली असती तं वल निंगून गेली असती, अन् मारोतराव गावभर म्हनला असता, हुकूम भेटला पन पेरता कुठी आलं! नाल्याले कंबरभर पानी, गढूळ. पलीकडच्या काठावर तो छत्री घेऊन उभा. वरडून म्हने, "पानी उतरू दे भागिरथे, वाहून जाशीन!"

म्या सरकीची पोतडी डोक्यावर बांधली. नानीबाईनं मोहाले दोर बांधला, एक टोक तिच्या हातात, एक माह्या कमरेले.

पानी नाई उतरलं. मी उतरली.

मधात पायाखालची रेती सरकली, एक डाव गुडघे टेकले, तोंडात पानी गेलं, पन पोतडी कोरडी राह्यली. पलीकडं चढली तव्हा मारोतराव चार पावलं मांगं सरकला. त्याच्याकडं न पाह्यता मी पदर पिळला, तासाच्या टोकाले बसली अन् पह्यली सरकी मातीत टोबली.

तुही बाई,
भागिरथा